दहावीनंतर गणित सुटलं आणि आता जीआरई द्यायचीय: सराव नेमका कसा करावा

बीए, मास कम्युनिकेशन, डिझाइन, सोशल वर्क अशा वाटेने आलेल्या कुणी जीआरईचा (परदेशी विद्यापीठांतल्या पदव्युत्तर प्रवेशासाठी द्यायच्या परीक्षेचा) विषय काढला की एक वाक्य हमखास कानावर येतं: "इंग्रजीचं मी बघून घेईन, पण गणिताचं काय ते सांगा." माझंही तसंच होतं. दहावीचा गणित भाग २ चा पेपर देऊन घरी आलो आणि कंपासपेटी धाकट्या बहिणीला देऊन टाकली. पुढची आठ वर्षं माझं गणित म्हणजे हॉटेलचं बिल चौघांत वाटणं, तेही मोबाइलवर. मग जीआरई द्यायचं ठरलं तेव्हा एक जाडजूड पुस्तक आणलं आणि थेट सराव चाचण्यांना बसलो. पंधरवडाभर रोज सपाटून मार खाल्ला.

मला धास्ती होती संभाव्यतेची. पण चुकलेली गणितं वहीत पुन्हा तपासली तेव्हा घोटाळे भलतीकडेच निघाले. कंसाबाहेरचं उणे आत नेताना दुसऱ्या पदाचं चिन्ह बदलायचं राहिलं होतं. अपूर्णांकांच्या बेरजेत छेदांचीही बेरीज केली होती. 'इतक्या टक्क्यांनी वाढलं' याचा अर्थ 'इतके टक्के झालं' असा घेतला होता. थोडक्यात, दहावीचं गणित पुढे कधीतरी अडलं असतं. मी सातवीच्या गणितातच अडकलो होतो. पुढे जे लिहिलंय ते त्या सातवीपासूनच्या दुरुस्तीबद्दल आहे.

आधी परीक्षा काय मागते ते

जीआरईचं सध्याचं छोटं रूप २२ सप्टेंबर २०२३ पासून आलं. संपूर्ण परीक्षा १ तास ५८ मिनिटांची. त्यात गणिताचे दोन भाग: पहिल्यात १२ प्रश्न, २१ मिनिटं, दुसऱ्यात १५ प्रश्न, २६ मिनिटं. म्हणजे २७ प्रश्नांना ४७ मिनिटं, एका प्रश्नाला सरासरी पावणेदोन मिनिटं. गुण १३० ते १७० या पट्टीवर मिळतात. पहिल्या भागात तुम्ही जसं कराल त्यावर दुसरा भाग सोपा येणार की अवघड हे ठरतं. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे कोरा प्रश्न सोडून येण्याला काहीच अर्थ नाही.

विषय चार: अंकगणित, बीजगणित, भूमिती आणि माहितीचं विश्लेषण. त्रिकोणमिती नाही, कलनशास्त्र (कॅल्क्युलस) नाही. साईन-कॉसच्या आठवणीने ज्यांच्या पोटात गोळा येतो त्यांनी इथे एक मोठा श्वास घ्यावा.

प्रश्नांचे प्रकारही चारच. एक उत्तर निवडा. बरोबर असतील ती सगळी उत्तरं निवडा (यात एक जरी राहिलं तरी गुण शून्य). उत्तर चौकटीत स्वतः टाइप करा. आणि दोन राशींची तुलना करा. हा शेवटचा प्रकार आपल्याकडच्या शाळेत कधी भेटत नाही. त्याच्याकडे नंतर येऊ.

पायरी १: पंधरा मिनिटांची झाडाझडती

कागद-पेन घ्या, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा आणि ही दहा गणितं सोडवा. कॅल्क्युलेटर नाही.

१. ३/८ + ५/१२
२. ५/६ ÷ १०/९
३. ०.०६ × ०.५
४. ७२ चे १२.५ टक्के
५. −३ − (−८) × २
६. २ चा पाचवा घात भागिले २ चा आठवा घात
७. ८४ आणि १२० यांचा मसावि आणि लसावि
८. ३(क्ष − ४) = ५क्ष + २, तर क्ष किती?
९. √५० + √८
१०. एका वस्तूची किंमत आधी २० टक्क्यांनी वाढवली, मग नव्या किमतीवर २० टक्के सूट दिली. मूळ किमतीच्या तुलनेत काय झालं?

उत्तरं: १९/२४; ३/४; ०.०३, ९, १३, १/८, मसावि १२ व लसावि ८४०, −७, ७√२, ४ टक्क्यांनी कमी.

आता फक्त किती बरोबर आली ते मोजून थांबू नका. प्रत्येक गणितापुढे दोन गोष्टी लिहा: उत्तर येताना हात अडखळला का, आणि चुकलं असेल तर नेमकं कुठल्या ओळीत. पहिल्या चारांत अडखळलात तर तुमचे पहिले दोन आठवडे अपूर्णांक आणि टक्केवारीचेच. पाच, सहा, नऊ चुकली तर चिन्हं आणि घातांक. दहाही बरोबर आली पण पंधराऐवजी तीस मिनिटं लागली, तर येतंय सगळं, हात बसलेला नाही. तुम्हाला नुसता वेग हवाय. या तीन परिस्थितींचा सराव तीन वेगळ्या तऱ्हेने करावा लागतो. क्लासमध्ये तिघांनाही एकाच बाकावर बसवून एकच प्रकरण शिकवतात, हे मला कधी पटलं नाही.

पायरी २: पुस्तकं

महागड्या पुस्तकांआधी बालभारतीची सातवी ते दहावीची गणिताची पुस्तकं काढा. पीडीएफ मोफत मिळतात. अपूर्णांक आणि गुणोत्तरासाठी सातवी-आठवी, घातांकासाठी आठवी, वास्तव संख्या, गुणोत्तर व प्रमाण यांसाठी नववीचा भाग १, दोन चलांतली समीकरणं, वर्गसमीकरणं, संभाव्यता आणि सांख्यिकीसाठी दहावीचा भाग १. भूमितीसाठी दहावीच्या भाग २ मधलं पायथागोरसचं प्रमेय, वर्तुळ, निर्देशक भूमिती आणि महत्त्वमापन. सिद्धता पाठ करू नका, भौमितिक रचना सोडूनच द्या.

मराठी माध्यमातून शिकलेल्यांसाठी एक युक्ती: त्याच इयत्तेचं इंग्रजी माध्यमाचं पुस्तक शेजारी उघडून ठेवा. प्रकरणं तीच, गणितंही तीच. त्यामुळे 'मध्यक' म्हणजे मीडियन, 'बहुलक' म्हणजे मोड, 'छेद' म्हणजे डिनॉमिनेटर हे पाठ न करता डोळ्यांखालून जात राहतं. आठवडाभरात शब्द ओळखीचे होतात.

ही परीक्षा घेणारी संस्था, ईटीएस, स्वतःच्या संकेतस्थळावर गणिताच्या उजळणीची एक सविस्तर पुस्तिका आणि पॉवरप्रेप नावाच्या दोन पूर्ण सराव परीक्षा मोफत देते. पुस्तिका लगेच घ्या. त्या दोन परीक्षांना मात्र आताच हात लावू नका, त्या पुढे लागतील.

पायरी ३: हात बसवणे

रोज सकाळी दहा मिनिटं, चहा गार व्हायच्या आत. यात नवीन काही शिकायचं नाही, नुसता हात फिरवायचा.

आपल्या आजोबांच्या पिढीने साध्या पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी असे अपूर्णांकांचे पाढे म्हटले. साडेतीनची औटकीसुद्धा होती. 'औट घटकेचा राजा' यातला औट तोच. आपण ते अडगळीत टाकले, आणि जीआरईला नेमकं तेच लागतं. ६८ चे ७५ टक्के म्हणजे ६८ ची पाऊणकी: निम्मे ३४, त्याचे निम्मे १७, झाले ५१. ४८ गुणिले १.२५ म्हणजे ४८ ची सवायकी: ४८ आणि त्याचा पाव १२, झाले ६०. २५ ने गुणायचं तर शंभराने गुणून चौथा भाग घ्या. आजोबा हे किराणा दुकानाच्या पायरीवर उभे राहून करायचे.

पाठ असायलाच हवं असं थोडंच आहे. २० पर्यंतचे वर्ग. २ चे दहाव्या घातापर्यंतचे घात, म्हणजे १०२४ पर्यंत. ३ चे २४३ पर्यंत, ५ चे ६२५ पर्यंत. ५० च्या आतल्या पंधरा मूळ संख्या. (१ ही मूळ संख्या नाही, २ आहे, आणि शून्य सम आहे. या तिन्हींवर सापळे लावलेले असतात.) शिवाय अपूर्णांक आणि टक्के यांच्या जोड्या: १/६ म्हणजे १६.६७, १/८ म्हणजे १२.५, १/९ म्हणजे ११.११, १/१२ म्हणजे ८.३३, ३/८ म्हणजे ३७.५, ५/८ म्हणजे ६२.५, ५/६ म्हणजे ८३.३३. या जोड्या कागदाच्या चिठ्ठ्यांवर लिहून आरशाच्या कडेला खोचा. दात घासताना दोन होतात.

अंदाज करण्याचा सरावही याच दहा मिनिटांत. एखाद्या तक्त्यावरचा प्रश्न विचारतो की ८,१५० पैकी २,३९० म्हणजे अंदाजे किती टक्के, आणि पर्याय आहेत २२, २६, २९, ३३. भागाकार करायची गरजच नाही. ८,१५० चे १० टक्के ८१५, तीस टक्के २,४४५. आपली संख्या त्याहून जराशी कमी, म्हणून २९. दहा सेकंदांचं काम. कॅल्क्युलेटरवर आकडे टिचकवत बसलात तर वीस-पंचवीस सेकंद, आणि एखादा अंक चुकला तर कळणारही नाही.

पायरी ४: टक्केवारी, आणि 'कशाचे?' हा प्रश्न

इथे जरा जास्त वेळ थांबतो, कारण एकदा टक्केवारी पक्की झाली की गुणोत्तर, व्याज, नफा-तोटा, तक्ते हे सगळं अर्धं झाल्यात जमा.

टक्के दिसले की पेन्सिलीने लगेच लिहायचं: कशाचे? समजा, १५ टक्के कर धरून एका वस्तूचे ९२० डॉलर झाले. कराआधीची किंमत किती? बरेच जण ९२० मधून ९२० चे १५ टक्के वजा करतात आणि ७८२ लिहितात. हे ७८२ पर्यायांत बसलेलंच असतं, तुमची वाट बघत. पण कर लागला तो मूळ किमतीवर, ९२० वर नाही. मूळ किंमत गुणिले १.१५ म्हणजे ९२०, म्हणून मूळ किंमत ८००.

दुसरी सवय: वाढ-घट बेरीज-वजाबाकीने करायची नाही, गुणाकाराने करायची. २० टक्के वाढ म्हणजे गुणिले १.२, २० टक्के घट म्हणजे गुणिले ०.८. दोन्ही एकामागून एक झाल्या तर १.२ × ०.८ = ०.९६. झाडाझडतीतलं दहावं गणित हेच होतं. असंच, २५ टक्के घसरलेली किंमत मूळ जागी यायला ३३⅓ टक्के वाढ लागते, कारण आता पाया लहान झालेला आहे.

आणि व्याजदर ४ टक्क्यांवरून ६ टक्के झाला तर तो २ टक्के-बिंदूंनी वाढला, पण ५० टक्क्यांनी वाढला. दोन्ही बरोबर. प्रश्न काय विचारतोय ते वाचा.

पायरी ५: इंग्रजी वाक्याचं गणित करणे

माझ्या चुकांच्या वहीतली सगळ्यात भरलेली पानं याचीच आहेत, आणि यात मराठी माणसाला एक अडचण आहे आणि एक सोयही.

'फाइव्ह लेस दॅन एक्स' हे डावीकडून उजवीकडे वाचत गेलं की हात आपोआप ५ − क्ष लिहितो. उत्तर आहे क्ष − ५. मराठीत हेच वाक्य 'क्षपेक्षा ५ ने कमी' असं होतं, आणि इथे क्ष आपोआप आधी येतो. चूक करायची म्हटली तरी होत नाही. म्हणून अशा वाक्यापाशी थांबून मनातल्या मनात मराठी करायचं आणि मग मांडणी करायची. तीन सेकंद जातात, गुण वाचतो.

'बाय' आणि 'टू' हे दोन शब्द गोल करून ठेवायचे. 'इन्क्रीज्ड बाय २०० पर्सेंट' म्हणजे २०० टक्क्यांनी वाढलं, म्हणजे तिप्पट झालं. 'इन्क्रीज्ड टू २०० पर्सेंट' म्हणजे मूळच्या २०० टक्के झालं, म्हणजे दुप्पट. आपल्या 'नी' आणि 'झालं' मधला हा फरक बोलताना आपण कधी चुकत नाही, इंग्रजीत वाचताना चुकतो.

'ॲट लीस्ट' म्हणजे किमान, त्यात ती संख्याही आली. 'नॉन-निगेटिव्ह' म्हणजे ऋण नसलेली. तिच्यात शून्य येतं, 'पॉझिटिव्ह'मध्ये येत नाही. 'इंटिजर' लिहिलं नसेल तर क्ष अपूर्णांकही असू शकतो, हे तर रोज सकाळी स्वतःला सांगावं. 'रेशो ऑफ ए टू बी' यात क्रम महत्त्वाचा: ए वर, बी खाली.

मोठ्या संख्यांचं आणखी एक. आपलं डोकं लाख-कोटीत चालतं, तक्ते मिलियन-बिलियनमध्ये असतात. १० लाख म्हणजे एक मिलियन, १०० कोटी म्हणजे एक बिलियन, एवढंच. स्वल्पविरामही तीन-तीन अंकांवर येतात, तेव्हा १,२५०,००० पाहून गोंधळू नका, ते साडेबारा लाखच आहेत. ३.६ बिलियन भागिले ४५ मिलियन करायचं असेल तर दोन्ही मिलियनमध्ये आणा: ३,६०० ÷ ४५ = ८०. आलेखाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'इन थाउजंड्स' लिहिलेलं असतं, तिकडे आधी नजर टाका, मग प्रश्न वाचा.

पायरी ६: बीजगणितातल्या चार ओळी

बीजगणितात सूत्रं फार लागत नाहीत. दोन चलांतली समीकरणं, अवयव पाडणं आणि असमानता एवढं आलं की पुरतं. पण चार ठिकाणी पाय घसरतो.

कंसाबाहेरचं उणे: ७ − ३(क्ष − २) म्हणजे ७ − ३क्ष + ६. ते + ६ विसरणारे आपण एकटे नाही.

क्षने भागणे: क्षचा वर्ग = ५क्ष असेल तर दोन्ही बाजूंना क्षने भागून 'क्ष = ५' लिहू नका, क्ष शून्यही असू शकतो.

ऋण संख्येने भागल्यावर असमानतेचं चिन्ह उलटतं: −२क्ष > ६ तर क्ष < −३.

चौथं, √९ हे चिन्ह फक्त ३ सांगतं, पण क्षचा वर्ग ९ असेल तर क्ष ३ किंवा −३.

प्रत्येकावर वीस-वीस गणितं, सलग दोन दिवस. कंटाळवाणं आहे, मान्य.

पायरी ७: दोन राशींची तुलना

डावीकडे राशी ए, उजवीकडे राशी बी. पर्याय नेहमी तेच चार: ए मोठी, बी मोठी, दोन्ही समान, दिलेल्या माहितीवरून ठरवता येत नाही. हे पर्याय पहिल्याच दिवशी पाठ करा, परीक्षेत ते वाचण्यात वेळ घालवायचा नाही.

हा प्रकार आला की शाळेतली 'उत्तर काढा' ही सवय बाजूला ठेवावी लागते. ए मध्ये ३७ चे २३ टक्के, बी मध्ये २३ चे ३७ टक्के. गुणाकार करायला घेतलात की हरलात. दोन्हीकडे ३७ × २३ भागिले १००, समान. पेन उचलायचीही गरज नाही.

दुसरं उदाहरण सावकाश करू. दिलंय: क्ष × य < ०. राशी ए: क्ष आणि य यांच्या बेरजेचा वर्ग. राशी बी: क्षचा वर्ग अधिक यचा वर्ग. क्ष, य किती ते माहीत नाही, तेव्हा पहिला मोह होतो 'ठरवता येत नाही' निवडायचा. थांबा. ए चा विस्तार करा: क्षचा वर्ग + २क्षय + यचा वर्ग. दोन्हीकडून सारखं असलेलं काढून टाका. ए मध्ये उरलं २क्षय, बी मध्ये शून्य. क्षय ऋण आहे असं दिलेलंच आहे. म्हणून बी मोठी, क्ष-य काहीही असोत.

जिथे अशी काटछाट जमत नाही तिथे संख्या घालून बघायच्या, पण आपल्या लाडक्या २ आणि ३ घालून नाही. यादी ठरवून ठेवा: ०, १, −१, १/२, −१/२, आणि एखादी मोठी संख्या. क्ष धन असताना क्षचा वर्ग मोठा की क्ष? २ घातला तर वर्ग मोठा, १/२ घातला तर क्ष मोठा. दोन वेगळी उत्तरं मिळाली, खेळ संपला: ठरवता येत नाही. आणि उलट, दोन्ही राशींत चलच नसेल, नुसत्या संख्या असतील, तर हा चौथा पर्याय बरोबर असूच शकत नाही. तुम्हाला काढता आलं नाही तरी उत्तर ठरलेलं आहे.

पायरी ८: भूमिती आणि माहिती

भूमिती लवकर आटपते. काटकोन त्रिकोणाच्या बाजूंची ३-४-५ आणि ५-१२-१३ ही त्रिकुटं, ४५-४५-९० आणि ३०-६०-९० चे त्रिकोण, वर्तुळाचा परीघ आणि क्षेत्रफळ, रेषेचा चढ. एकच बजावून सांगतो: भौमितिक आकृती प्रमाणात काढलेली असेलच असं नाही. कोन काटकोनासारखा दिसतो म्हणून तो काटकोन होत नाही. संख्यारेषा, निर्देशक प्रतल आणि माहितीचे आलेख मात्र प्रमाणात असतात, त्यांवरून अंदाज चालतो.

सांख्यिकीत सरासरी शब्द दिसला की लगेच बेरजेत जा. पाच चाचण्यांची सरासरी ७८, सहावीनंतर ८० हवी, तर सहावीत किती? एकूण हवेत ४८०, आहेत ३९०, म्हणजे ९०. दोन तुकड्या असतील, २० मुलांची सरासरी ६० आणि ३० मुलांची ७०, तर एकत्र ६५ नाही, ६६. जिकडे मुलं जास्त तिकडे सरासरी झुकते. प्रमाण विचलन (स्टँडर्ड डिव्हिएशन) म्हणजे संख्या सरासरीपासून किती पसरल्यात याचं माप. त्याचं सूत्र वापरून आकडेमोड सहसा करावी लागत नाही, त्याचा स्वभाव कळला पाहिजे: सगळ्या संख्यांत १० मिळवले तर ते बदलत नाही, सगळ्यांना २ ने गुणलं तर दुप्पट होतं.

मोजणीच्या गणितांत एकच प्रश्न: क्रमाने फरक पडतो का? गणेश मंडळात सात कार्यकर्ते आहेत. त्यांतून अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार निवडायचे तर ७ × ६ × ५ = २१० प्रकार. नुसती तिघांची वर्गणी समिती निवडायची तर त्याच तिघांच्या सहा अदलाबदली एकच धरायच्या, २१० ÷ ६ = ३५. (खजिनदार व्हायला कुणी तयार नसतं, ते वेगळं.) संभाव्यतेत 'किमान एक' दिसलं की उलट बाजूने या: तीन नाणी उडवून किमान एक छापा पडण्याची शक्यता म्हणजे १ वजा एकही न पडण्याची, १ − १/८ = ७/८.

पायरी ९: कॅल्क्युलेटर आणि कच्चं काम

परीक्षेत पडद्यावर कॅल्क्युलेटर मिळतो: बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार, वर्गमूळ, एक मेमरी, आणि आठ अंकांची मर्यादा. टाइप करायच्या प्रश्नात त्याचं उत्तर थेट चौकटीत पाठवायचं बटणही असतं. पण प्रश्नाने पूर्णांकापर्यंत किंवा दोन दशांशांपर्यंत मागितलंय का ते बघून मगच दाबा. तिथे अपूर्णांक अतिसंक्षिप्त रूपात लिहिला नाही तरी चालतो, १२/१६ आणि ३/४ दोन्ही ग्राह्य.

सराव करताना मोबाइलचा कॅल्क्युलेटर वापरू नका. संगणकाचा उघडा, माउसनेच दाबा. तो किती संथ आहे हे एकदा कळलं की पाऊणकी-सवायकीची किंमत समजते.

परीक्षा घरून देणार असाल तर साधा कच्चा कागद चालत नाही. लहान व्हाइटबोर्ड, किंवा पारदर्शक प्लास्टिकच्या पाकिटात घातलेला एक कागद आणि पुसता येणारा मार्कर, एवढीच मुभा आहे. मार्करने अक्षर मोठं येतं, जागा पुरत नाही, आणि पुसताना मागची ओळ जाते. तेव्हा शेवटचे तीन आठवडे सगळं कच्चं काम त्यावरच करा. केंद्रावर जाणाऱ्यांना कागद मिळतो.

पायरी १०: चुकांची वही आणि आठ आठवडे

दोनशे पानी वही घ्या. चुकलेलं प्रत्येक गणित तिच्यात उतरवा, पण बरोबर उत्तर नव्हे, आधी तुमचं चुकीचं उत्तर जसंच्या तसं. त्याखाली एक शब्द: 'माहीत नव्हतं', 'वाचलं चुकीचं' किंवा 'हात चुकला'. यांतल्या पहिल्याला पुस्तक लागतं, दुसऱ्याला सावकाशपणा, तिसऱ्याला सकाळची दहा मिनिटं. 'निष्काळजीपणा झाला' असं लिहायला बंदी. त्यातून काही कळत नाही. तीन दिवसांनी आणि मग दहा दिवसांनी तेच गणित उत्तर झाकून पुन्हा करायचं. दोन्हीदा आलं तर त्यावर काट मारायची.

नोकरी सांभाळून रोज पन्नास मिनिटं निघतात असं धरतो. दहा मिनिटं हात बसवणे, तीस मिनिटं त्या दिवसाचा विषय, दहा मिनिटं चुकांची वही. पहिले दोन आठवडे संख्या, अपूर्णांक, टक्के. तिसरा-चौथा बीजगणित आणि शाब्दिक उदाहरणं, सोबत रोज पाच तुलनेचे प्रश्न. पाचवा भूमिती. सहावा सांख्यिकी, मोजणी, तक्ते. इथपर्यंत घड्याळ लावायचं नाही. सहाव्याच्या अखेरीस पहिली पॉवरप्रेप द्या, सलग, मधे न उठता. सातव्या-आठव्यात मिश्र प्रश्नांचे संच, २१ मिनिटांत १२ आणि २६ मिनिटांत १५ असेच. दुसरी पॉवरप्रेप परीक्षेच्या आठ-दहा दिवस आधी. आदल्या रात्री देऊ नका. गुण कमी आले तर झोप जाते आणि जास्त आले तरी जाते.

घड्याळ लावल्यावरचा नियम एकच: एखाद्या प्रश्नावर दीड मिनिट गेलं आणि वाट दिसत नसेल तर एक अंदाजे उत्तर ठोकून, खूण करून पुढे. भागाची वेळ संपेपर्यंत त्याच भागात मागे येता येतं.

जाता जाता आठ गणितं

आज ही करा, उत्तरं खाली आहेत.

१. ४० टक्के सूट मिळून वस्तू ९०० ला पडली. मूळ किंमत?
२. १ ते १०० मध्ये ६ आणि ८ या दोन्हींनी भाग जाणाऱ्या संख्या किती?
३. −२ < क्ष < ३. क्षच्या वर्गाची सर्वांत लहान संभाव्य किंमत?
४. पाच संख्यांची सरासरी १२. एक काढली, उरलेल्यांची १०. काढलेली कोणती?
५. राशी ए: √(१६ + ९). राशी बी: √१६ + √९. मोठी कोणती?
६. २ चा दहावा घात अधिक २ चा दहावा घात म्हणजे २ चा कितवा घात?
७. १.८ बिलियन भागिले २४ मिलियन?
८. ६० किलोमीटर जाताना वेग ताशी ३०, त्याच वाटेने परत येताना ताशी ६०. सगळ्या प्रवासाचा सरासरी वेग?

उत्तरं. १: १,५००. २: चार, कारण लसावि २४ आहे, ४८ नाही. ३: शून्य, इंटिजर असो वा नसो, शून्य त्या पट्ट्यात येतंच. ४: २०. ५: बी, ५ विरुद्ध ७. ६: अकरावा. ७: ७५. ८: ४०, कारण १२० किलोमीटरला दोन आणि एक असे तीन तास लागले. ४५ आलं असेल तर वही उघडा, पहिलं पान मिळालं.